आवाज बंद, चित्र चालू

काकूंनी मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं नसतं तर मी आज गावाकडे असतो, नाहीतर परत डीजेच्या ट्रकवर. हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या हकिकतीत टेप, गिटार, टीव्ही असलं इतकं काही येतं की त्या गर्दीत काकू मागे राहतील, आणि तसं व्हायला नको. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. कसबा पेठेत राहतात. बँकेतून रिटायर झालेल्या एका गिटारवाल्याच्या त्या बायको. काकांना त्या अहो म्हणतात आणि त्या अहोमध्ये जेवढा मान असतो तेवढाच टोमणाही असतो.

माझं गाव तेलंगणाच्या हद्दीला लागून आहे. आठवीपर्यंत शाळा गावात, पुढची नदीपलीकडे. नववी अर्धी केली आणि सोडली. त्यानंतर डीजेच्या गाडीवर लागलो. स्पीकर चढवायचे, उतरवायचे, वायरी जोडायच्या, मिरवणूक संपेपर्यंत त्या स्पीकरांच्या भिंतीच्या मागे बसून राहायचं. छातीत धडधडायचं, पण मजा वाटायची. गणपतीच्या ऑर्डरला गाडी पुण्याला आली आणि मी इथेच राहिलो. शनिवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर एक छोटा स्टुडिओ आहे. तिथल्या सरांनी मला फुटपाथवर बसून वायरीला सोल्डरचा डाग देताना पाहिलं आणि विचारलं, आमच्याकडच्या वायरी नीट करून देशील का. मी गेलो तो तिथलाच झालो. राहायला येरवड्याला, चौघांत एक खोली. कामाला शनिवार पेठेत.

सरांचं काम मला कळायला वेळ लागला. जुन्या रॉक बँडचे अल्बम ते नव्यानं मिक्स करतात. म्हणजे गाणं नवीन नाही, वाजवणारे तेच, टेपही तीच. पण त्या टेपवर गिटार एका पट्टीवर, ड्रम दुसऱ्या पट्टीवर, गाणारा तिसऱ्या, असं वेगवेगळं असतं. ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, प्रत्येक वाद्य धुऊनपुसून घ्यायचं आणि पुन्हा एकत्र बसवायचं, हाय-रेझोल्यूशनमध्ये. पूर्वी कॅसेटमध्ये जे दबून जायचं ते आता चांगल्या हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतं. बोट तारेवरून सरकलं तरी कळतं. गाणाऱ्यानं श्वास घेतलेला कळतो. सर म्हणायचे, जुन्या घराला रंग नाही द्यायचा, फक्त खिडक्या पुसायच्या. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. प्रोग्रामातली बटणं मी रंगावरून आणि जागेवरून ओळखायचो. पण टेप उतरवायला शिकलो, आणि नंतर सरांनी मला हेडफोन लावून बसवलं. टेपमधली खरखर, टकटक ऐकायची आणि तिथे खूण करायची. हे काम फक्त कानाचं. त्याला नववी लागत नाही. मला हे फार बरं वाटायचं.

काकांचा बँड चाळीसएक वर्षांपूर्वीचा. इंग्रजी गाणी स्वतः रचून म्हणणारी कसबा पेठेतली चार पोरं. कुणाच्या तरी मेहुण्यानं परदेशातून चार पट्ट्यांचं टेप मशीन आणलं होतं. ते उसनं घेऊन काकांच्याच दोन खोल्यांत अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. थोड्या कॅसेट निघाल्या, मित्रांत वाटल्या गेल्या, आणि मग सगळे नोकरीला लागले. आता इतक्या वर्षांनी कुणीतरी जुन्या रॉकची आवड असलेल्या माणसानं ती कॅसेट इंटरनेटवर टाकली, लोकांनी विचारपूस सुरू केली, आणि काका मूळ टेपा पिशवीत घालून आमच्याकडे आले. बँडमधला ड्रमवाला आता हयात नाही. दुसरे दोघं परदेशात मुलांकडे. त्यामुळे येणारे एकटे काकाच, आणि बरोबर काकू.

काकू डबा घेऊन यायच्या आणि सोफ्यावर बसून शब्दकोडं सोडवायच्या. त्यांचं त्या अल्बमशी नातं एवढंच नव्हतं. नवी नवरी असताना एका गाण्यात त्यांनी चहाच्या डब्यात मूठभर तांदूळ घालून ताल धरला होता. बँडकडे खुळखुळा नव्हता म्हणून. सरांनी ते गाणं पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर लावलं तेव्हा काकूंनी पेन थांबवून विचारलं, माझा डबा कुठाय? मला तर तो अगदी लख्ख ऐकू येत होता, तांदळाचे दाणे मोजता येतील असा. मी म्हटलं, काकू, हा काय, वाजतोय की. त्यांनी जरा वेळ कान दिला आणि म्हणाल्या, "असेल बाबा. तेव्हाही कुणी लक्ष दिलं नव्हतं."

मला शिट्टी ऐकू यायला लागली ती याच अल्बमवर काम करताना. फार बारीक. गाण्याच्या वर कुठेतरी ताणून बांधलेल्या दोऱ्यासारखी. गिटार थांबली की जास्त कळायची. सरांना विचारलं नाही, कारण सर तेच गाणं ऐकत होते आणि त्यांना काहीच खटकत नव्हतं. काकांनाही नाही. तिघं एकाच खोलीत एकच गाणं ऐकतात आणि शिट्टी एकालाच ऐकू येते, तर ती कुठे असणार? माझ्याच कानात.

मी घाबरलो त्याला कारण होतं. डीजेच्या गाडीवर माझ्याबरोबर एक जण होता, आमच्याच बाजूचा. भिंतीच्या पुढच्या बाजूला उभं राहायची त्याला हौस. त्याला आधी अशीच शिट्टी यायला लागली. आम्ही हसायचो, म्हणायचो तुला कुणीतरी बोलावतंय. नंतर त्याचा एक कान गेला. आता तो फोन दुसऱ्या कानाला लावतो आणि गर्दीत नुसता हसून मान हलवतो. मला वाटलं, आता माझी पाळी. आणि माझ्याजवळ तर कानाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. सर्टिफिकेट नाही, इंग्रजी नाही. कान गेला की सर काय करणार मला ठेवून? वाईट वाटेल त्यांना, पण ठेवणार नाहीत. ठेवूही नये.

मग मी स्वतःलाच तपासायला लागलो. संध्याकाळी आईचा फोन आला की तिचं बोलणं अर्धं या कानानं ऐकायचं, अर्धं त्या कानानं, आणि दोन्हींत फरक पडतो का बघायचं. ती विचारायची, जेवलास का, आणि मी कान बदलण्याच्या नादात उत्तरच द्यायचो नाही. मग ती घाबरायची. बसमध्ये, रस्त्यावर, खोलीत पंख्याखाली, मला सगळीकडे ती शिट्टी आहेशी वाटायची. आहे का नाही हे कळायला शांतता लागते आणि पुण्यात माझ्या वाट्याला शांतता अशी नव्हतीच. शिवाय भ्यालेला माणूस नीट ऐकत नाही. जे ऐकू येईल अशी भीती असते तेच ऐकतो.

काकूंनी हे कधी ओळखलं मला माहीत नाही. एकदा दुपारी मी पाण्याच्या बाटल्या भरायला जिन्यात आलो तर त्या मागे आल्या.

"प्रत्येक गाणं संपलं की तू कान दाबून धरतोस. आमच्या ह्यांचं गाणं इतकं वाईट आहे का?"

मी नाही नाही म्हणालो आणि मग मला रडूच फुटलं. जिन्यात, हातात दोन बाटल्या घेऊन. सगळं सांगून टाकलं. शिट्टी, गाडीवरचा मित्र, आईचा फोन. सरांना सांगू नका म्हणून हात जोडले. बाटल्यांसकट.

काकूंनी ऐकून घेतलं. धीर वगैरे दिला नाही, ते त्यांच्यात नाही. त्या म्हणाल्या, मला उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, सुनेनं नंबर लावून ठेवलाय, एकटीला कंटाळा येतो, तू चल. मी म्हटलं, नको काकू, डॉक्टरनं कान गेला म्हणून सांगितलं तर?

"गेला असेल तर डॉक्टरच्या सांगण्यानं जाणार नाहीये. आधीच गेलाय. राहिला असेल तर तेवढं कळेल. दहाला ये."

गेलो. सरांना त्यांनीच फोन करून सांगितलं की आज तुमचा मुलगा मला लागणार आहे. कशाला ते सांगितलं नाही.

डॉक्टरकडे काचेचं दार असलेली एक छोटी खोली होती, भिंतींना आतून फोम लावलेला. आधी काकू आत गेल्या. मग मला बसवलं, हेडफोन दिला, हातात एक बटण दिलं. टिंग ऐकू आलं की दाबायचं, कितीही बारीक असो. तपासणाऱ्या बाई दार लावून बाहेर गेल्या. मी बटण इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. एकेक टिंग यायचं, मी दाबायचो. मग फार बारीक टिंग, मग त्याहून बारीक. नंतर वाटायला लागलं की मी टिंग ऐकत नाहीये, आठवतोय.

डॉक्टर कागद बघून म्हणाले, दोन्ही कान चांगले आहेत. मी विचारलं, मग शिट्टी? तर ते म्हणाले की कधी कधी तपासणी चांगली असूनही कान वाजतात, लक्ष ठेवू, मोठ्या आवाजापासून लांब राहा. म्हणजे अर्धाच सुटलो. बाहेर बाकावर काकू स्वतःचा कागद उलटा-सुलटा करत बसल्या होत्या. त्यांच्या कागदावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बरी होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. डॉक्टरांनी त्यांना कानाला मशीन लावायला सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, ऐकण्यासारखं कुणी बोलतंय कुठे, ते मशीन लावून ऐकायला. मग कागद पिशवीत घालून माझ्याकडे वळल्या.

"त्या खोलीत शिट्टी वाजत होती का?"

त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या शांततेत बसलो होतो. स्वतःचं गिळणंही ऐकू येत होतं. आणि शिट्टी? नव्हती. टिंग ऐकायच्या धास्तीत मी शिट्टीला विसरलोच होतो, आणि तीही आली नव्हती.

"नव्हती," मी म्हणालो.

"मग ती तुझ्या कानात कशी असेल? कान तर तू आत घेऊनच गेला होतास." काकू उठल्या. "आमच्या गाण्यात असणार. चल, रिक्षा बघ."

मला अजूनही त्या बाकावरचा तो क्षण आठवला की खांदे खाली येतात. इतके दिवस ते वर चढून बसले होते हेही मला तेव्हाच कळलं.

पण पुढचं सोपं नव्हतं. काकांना त्यांच्या रेकॉर्डिंगचा अभिमान. दोन खोल्यांत, गाद्या भिंतीला लावून, इतकं स्वच्छ काम त्या काळात कुणी केलं नव्हतं असं ते प्रत्येक सेशनला एकदा तरी सांगायचे. त्यांना कोण सांगणार की त्यात शिट्टी आहे? आणि तेही नववीतून शाळा सोडलेला पोरगा? काकूंनी मला बोलायचीच वेळ आणली नाही. चपला काढता काढता म्हणाल्या, "अहो, तुमच्या गिटारमध्ये शिट्टी वाजतेय. ह्याला ऐकू येते."

"माझ्या गिटारला नावं ठेवायला इतकी वर्षं तू पुरत होतीस," काका म्हणाले. "आता मदतनीस घेतलास का?"

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी गाणं कॉम्प्युटरवर उघडलं आणि आवाजाचं चित्र लावलं. खाली जाड आवाज, वर बारीक आवाज, असं ते ढगांसारखं दिसतं. सगळ्यात वरच्या बाजूला, जिथे बाकी जवळजवळ काही नव्हतं, तिथे एक केसाइतकी रेघ. गाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले की एवढ्या वर मला आता ऐकू येत नाही, पन्नाशी झाली. काकांना तर कित्येक वर्षांपूर्वीच येईनासं झालं असणार. म्हणजे खोलीत ऐकू येणारा मी एकटाच होतो, कारण वयानं मी एकटाच लहान होतो. इतकं साधं होतं ते.

मी सुटलो म्हणेपर्यंत दुसरी भीती आली. टेप उतरवली होती मी. वायरी माझ्या, जोडण्या माझ्या. माझ्याच एखाद्या डागातून ही शिट्टी आत शिरली असेल तर सगळा अल्बम पुन्हा उतरवायचा, आणि त्या जुन्या टेपा पुन्हा पुन्हा मशीनवर चढवणं म्हणजे त्यांचा जीव काढणं. सरांनीही तीच शंका काढली, रागावून नाही, पण काढली. मग आम्ही एकेक गाणं उघडून बघत गेलो. रेघ, रेघ, रेघ. फक्त गिटारच्या आणि गाण्याच्या पट्टीवर, ड्रमवर जवळजवळ नाही. आणि शेवटच्या गाण्यात कुठेच नाही. तेही मीच उतरवलेलं, त्याच वायरींनी, त्याच दिवशी. मग वायरींचा दोष नव्हता. पण होतं काय?

काकू शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "शेवटचं गाणं केलं तेव्हा सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या."

काका म्हणाले, आईचा इथे काय संबंध?

काकूंनी सांगितलं ते असं. घरात तेव्हा नवा टीव्ही आला होता आणि सासूबाईंना तो संध्याकाळी लागायचाच. आणि मुलाचं रेकॉर्डिंगही संध्याकाळीच, सगळे ऑफिसमधून आल्यावर. भांडण नको म्हणून तोड निघाली: आवाज बंद, चित्र चालू. सासूबाई बाजूच्या खोलीत बसून मुका टीव्ही बघायच्या. बातम्या, शेतीचे कार्यक्रम, सिनेमा, सगळं मुकं. मुलाच्या गाण्यात आवाज जायला नको म्हणून. आणि घरात प्लग एकच धड, त्यामुळे गिटारचा अॅम्प्लिफायर त्या टीव्हीच्याच बाजूला, आणि काकाही गिटार घेऊन तिथेच.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या डब्बा टीव्हीचा आवाज बंद केला तरी आतल्या चित्र उमटवणाऱ्या भागाची बारीक शिट्टी चालूच असते, त्यांनी मला समजावलं. गिटारच्या तारांखालची चुंबकं ती अलगद उचलतात, आणि गाण्याचा माइकही. तेव्हा घराघरांत ती वाजायची, म्हणून कुणाच्या लक्षातच यायची नाही. कॅसेटमध्ये इतका बारीक आवाज उतरायचा नाही, त्यामुळे चाळीस वर्षं ती टेपवर नुसती पडून राहिली. आणि आम्ही खिडक्या पुसल्या तशी दिसली.

मला वाटलं, काका म्हणतील राहू दे. पण ते म्हणाले, काढा. ऐकणारी पोरं वीस-बावीसची असतील, त्यांच्या कानात शिट्ट्या मारायला मी अल्बम केला नव्हता.

सरांनी ती रेघ अलगद कापली, आजूबाजूच्या झांजेला धक्का न लावता. पण कापली गेली का नाही ते चित्रात दिसलं तरी ऐकून कोण सांगणार? मीच. सर गाणं लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की पुढचं. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे चुकून आलेला नाही.

सगळं झाल्यावर काकांनी सरांना अल्बममधलं दुसरं एक गाणं जुनंच लावायला सांगितलं, शिट्टी न कापलेलं. हेडफोन घालून डोळे बारीक करून ऐकत राहिले. मग हेडफोन काढला आणि माझ्या कानाला लावला.

"मला काही येत नाही ऐकू," ते म्हणाले. "असं कर. ती वाजतेय तोवर बोट वर धर."

मी बोट वर धरलं. गाणं चालू होतं आणि काका माझ्या बोटाकडे बघत बसले. गिटारकडे त्यांचं लक्ष नव्हतं. गाण्याच्या मध्यावर शिट्टी एकदम तुटली, आणि मी बोट खाली घेतलं. काकांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं.

"दिवेलागण झाली असेल," काकू म्हणाल्या. "त्या टीव्ही बंद करून देवापाशी दिवा लावायला उठायच्या."

"हो," काका म्हणाले. मग त्यांनी डबा उघडला आणि सगळ्यांना थालीपीठ दिलं, मला आधी.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी कान बदलला नाही. जेवलास का म्हणाली, मी म्हटलं जेवलो, थालीपीठ, आणि काय काय होतं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, आज नीट बोलतोयस, बरं वाटलं.

अल्बम आता बाहेर आलाय. सर मला आता नुसती खूण करायलाच नाही, थोडं थोडं मिक्स करायलाही बसवतात. काकूंना पूर्ण झालेला अल्बम त्यांच्या घरी जाऊन ऐकवला, तेव्हा त्यांनी परत तेच विचारलं, माझा डबा कुठाय? तो तिथेच आहे, सगळ्यांना ऐकू येतो इतका स्वच्छ. पण त्यांच्या कागदावरची रेघ जिथे जिना उतरते नेमका तिथेच तो वाजतो. मशीन त्या लावणार नाहीत, हे सुनेलाही कळून चुकलंय. मी सरांना विचारलं तर ते म्हणाले, नुसता आवाज वाढवून भागणार नाही, तो डबा त्यांचा कान जिथवर पोचतो तिथे खाली, जाड आवाजात, आणून बसवावा लागेल, आणि तरी तो डबाच वाटला पाहिजे. अवघड काम आहे, तुला अजून यायचं नाही.

नाही येत, कबूल. पण शिकतोय. काकूंचा तो कागद मी मागून घेतलाय आणि कॉम्प्युटरशेजारी भिंतीला लावलाय. जगात बाकी कुणासाठी नाही, फक्त त्यांच्या दोन कानांसाठी त्या गाण्याचं एक मिक्स करीन. त्या सोफ्यावर कोडं सोडवत बसलेल्या असताना न सांगता लावीन. आणि काकूंनी पेन थांबवून, हा बघ माझा डबा, असं म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहीन.